भिंतीआडचे काम

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब नावाचे गाव लागते. बख्शी म्हणजे सैन्याच्या पगाराचा कारभार पाहणारा अधिकारी. अशा एका बख्शीच्या तलावावरून वस्तीला नाव मिळाले. तलाव बांधणाऱ्याची आठवण अशी मागे राहते. पण तिथल्या किंवा आपल्या गावातल्या जुन्या घरात भिंतीआडचा पाइप नीट जोडणाऱ्याला कोण लक्षात ठेवते? त्याचे काम उत्तम झाले असेल तर ते कधी दिसतच नाही. मग जे कोणालाच दिसणार नाही, ते मनापासून का करावे?

जुन्या घरात नळाचे काम काढले की हा प्रश्न समोर उभा राहतो. नळाची धार बारीक झाली की आपण आधी नळ बदलतो. धार तेवढीच राहते, कारण दोष नळात नसतो. जुना लोखंडी पाइप आतून गंजतो, क्षार साचतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. आपल्या स्वभावाचेही असेच आहे. बोलणे गोड केले, पण आत राग साचलेलाच ठेवला, तर ती नवी तोटी आणि जुना पाइप!

दुसरा मोह गिलाव्याचा. ओल आली, पोपडे निघाले की वरून रंग देऊन टाकावासा वाटतो. ओल मात्र आत पसरत राहते, भिंतीला लोणा लागतो आणि एक दिवस शेजाऱ्याची भिंतही भिजते. आपल्याला न दिसणारी चूक अशी दुसऱ्या कोणाला तरी भोगावी लागते. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी रोज चार लिटरांहून अधिक पाणी जाते.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्यात जमिनीखालून पाणी आणले गेले. ते शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत पोहोचत असे. त्या भुयारी नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून हवा खेळे आणि आत उतरून साफसफाईही करता येई. बांधणाऱ्यांनी गाळ साचणारच हे आधी मान्य केले होते. आपल्या मनाला असा एखादा उच्छ्वास आहे का? रोज रात्री दहा मिनिटे शांत बसून दिवस तपासणे, हाच तो.

आपण म्हणाल, सगळ्यांना सगळे पाइप बदलणे परवडत नाही. हे खरे आहे. पैसा कमी असेल तर अर्धेच काम करावे, त्यात दोष नाही. अर्धे काम पूर्ण झाल्याचे भासवणे हा दोष आहे. काय राहिले ते कारागिराने स्पष्ट सांगावे आणि घरमालकाने घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगावे. मालकाचीही परीक्षा असतेच. मजुरीसाठी घासाघीस करायची, घाई लावायची आणि वर प्रामाणिक कामाची अपेक्षा धरायची, हे न्यायाचे नाही. भिंत बुजवण्यापूर्वी पाइपात पाणी भरून, दाब देऊन काही तास तपासायला त्याला वेळ द्या. त्या वेळेचे पैसेही द्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. न दिसणारे काम नीट का करावे? पहिले कारण म्हणजे त्याचा परिणाम कोणाच्या तरी वाट्याला येतोच, आणि तो माणूस बहुधा निरपराध असतो. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. कोणी पाहत नाही असे आपण म्हणतो तेव्हा एक पाहणारा आपण मोजलेलाच नसतो, तो म्हणजे करणारा स्वतः. भिंत बुजली तरी आत काय आहे हे त्याला ठाऊक असते. पाहणाऱ्याच्या धाकाने केलेले काम पाहणाऱ्याबरोबर संपते. स्वतःला साक्षी ठेवून केलेले काम माणसाला घडवते.

आज एवढेच करा. घरातला एक गळका नळ आणि मनातली एक झाकून ठेवलेली गोष्ट शोधा. दोन्हींवर रंग न देता दुरुस्तीला हात घाला.