कमी दुखेल अशी गोळी

माझ्या टीममधल्या एकाच्या घरच्यांचं टेक्ससमध्ये शेळ्या-मेंढ्यांचं रँच आहे. कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकन भाऊबंद, त्यांची कोकरं उचलतो. त्याने विचारलं, "रायफल कुठली घेऊ?" मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण स्पेक्स वाचता येतात.

आधी मला पॉइंट टू-टू बरी वाटली. लहान, कमी आवाजाची, म्हणून कमी हिंसक. आकडे उलटंच सांगत होते. तिची ४० ग्रेनची गोळी नळीतून निघताना साधारण १३० ते १४० फूट-पाउंड ऊर्जा असते; .२२३ रेमिंग्टनच्या ५५ ग्रेनच्या गोळीत १,२०० च्या वर. व्यास जवळपास तोच, वेग अडीचपट. शंभर यार्डांवर टू-टू लागलेला कायोटी पळून जाऊन झुडपात तडफडत मरू शकतो. सौम्य दिसणारं हत्यारच जास्त क्रूर.

मी .२२३ सुचवली, शरीरात शिरताच फुटणाऱ्या पातळ जॅकेटच्या गोळीसह. महिन्याभराने मेसेज आला: "जागेवरच पडला. थँक्स."

मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. 'कसं मारायचं' याचं उत्तर मी इतकं चोख दिलं, की 'मारायचंच का' हे विचारायचं राहून गेलं. शतकभर मारूनही कायोटी उलट नव्या राज्यांत पसरलेत. राखणीचे कुत्रे, कुंपण यांचं मी नावही काढलं नव्हतं.

मारायचंच ठरलं, तर वेदना कमी करणं कर्तव्य आहे. पण ते पाळलं म्हणून मारायची परवानगी मिळत नाही. काल त्याला कुत्र्यांबद्दल लिहिलं. पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.