एक मात्रा, एक बिंदू



मत्तय ५:१८ मध्ये आपला प्रभू नियमशास्त्रातील मात्रेचा व बिंदूचाही मान राखतो. एवढ्याशा चिन्हाला इतके महत्त्व का, हे व्हिएतनामी लिपी पाहिली म्हणजे उमगते. त्या भाषेत ‘मा’ हा एकच उच्चार सहा सुरांत होतो. सूर पालटला की त्याचा अर्थ भूत, आई, परंतु, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप असा पालटतो. एक चिन्ह चुकले, तर आईचे भूत होईल!

सतराव्या शतकात तेथे गेलेल्या फ्रान्सिस्को द पिना आदी येशूसंघीय धर्मगुरूंनी हे सूर कान देऊन ऐकले व रोमन अक्षरांना वर-खाली चिन्हे देऊन ते लिहिले. अलेक्झांडर द ऱ्होड्स यांना तर सारे सूर एका स्थानिक मुलाने तीन आठवड्यांत शिकविले. शिकवावयास गेलेला विद्वान बालकाचा शिष्य झाला! त्या सर्वांच्या श्रमांतून १६५१ मध्ये रोम येथे ऱ्होड्स यांचा शब्दकोश व धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले. पुढे फ्रेंच राजवटीत या लिपीचा प्रसार झाला. आज ती साऱ्या राष्ट्राची लिपी आहे.

भाषांतराच्या कामात मी हेच शिकलो, की प्रीती आधी ऐकते, मग बोलते. आपल्यापैकी कित्येकांचे शेजारी परभाषिक आहेत. त्यांना सुवार्ता सांगण्यापूर्वी त्यांच्या बोलण्यातील सूर आपण ऐकला आहे काय? पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचीच भाषा ऐकली (प्रे. कृत्ये २:८). प्रभू आपले ओठ उघडण्याआधी आपले कान उघडो. आमेन.