फ्रिज दिला, व्याज नाही दिलं

दोन वर्षांपूर्वी बोरी बुद्रुकच्या घरी मी मोठा फ्रिज घेऊन दिला. दोन दारांचा, सहाशे लिटरचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला. नाना म्हणाले, एवढ्यात चांगली दुभती गाय आली असती. ते चेष्टेत बोलले, पण त्यात एक मुद्दा होता. गाय आली असती तर तिचं रोज काय करायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फ्रिजचं कोणालाच माहीत नव्हतं, देणाऱ्यालाही नाही.

मागच्या मे महिन्यात आईचा फोन आला, "नुसता घरघरतोय रे, गारच होईना." मी पुण्यात, ऑफिसात. पंधरा मिनिटं वाचलं आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली. मागचा कंडेन्सर साफ कर. दाराचं रबर कोमट साबणपाण्याने पूस. दारात दहाची नोट अडकवून ओढून बघ, सहज निघाली तर रबर सैल झालंय. गरम पातेलं आत ठेवू नको. भिंतीपासून थोडा पुढे ओढ. यादी बरोबर होती, आजही मी तीच देईन. आईने अंगठा पाठवला आणि माझ्यापुरतं काम झालं.

शनिवारी गावी गेलो तर आई कंबरेला शेकायची पिशवी लावून बसलेली. शंभर किलोच्या आसपासचं ते धूड तिने एकटीने ओढायला घेतलं होतं. नाना मळ्यात होते. "तूच म्हणालास ना पुढे ओढ," एवढंच बोलली. चार दिवस फोनवर एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मग मी आणि नानांनी फ्रिज ओढला. मागे खाली एक पत्र्याचं झाकण, सहा स्क्रूंनी बंद केलेलं. आत कंडेन्सरवर बोटभर थर. शेजारीच कांद्याची चाळ आहे, त्यामुळे कांद्याची पापुद्र्यासारखी सालं, धूळ, स्वयंपाकघरातला तेलकट ओशटपणा, सगळं एकमेकांना चिकटलेलं. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायची वाटच बुजली की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, जास्त तापतो, बिल वाढतं आणि त्याचं आयुष्य घटतं. जुना दात घासायचा ब्रश आणि वीस मिनिटं, एवढंच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दह्यावर हात ठेवला तर गार होतं. आईची कंबर मात्र पुढे तीन आठवडे दुखत होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. वस्तू टिकवणं हे कर्तव्य असेल, तर ते नक्की कोणाचं? घेणाऱ्याचं, वापरणाऱ्याचं की बनवणाऱ्याचं?

जुन्नरभोवती लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडीची लेणी आहेत. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे फक्त माकडं बघितली. शिलालेखांत काय लिहिलंय ते बरंच नंतर कळलं. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याचं टाकं दिलं, आणि कित्येकांनी जमीन दिली किंवा कारागिरांच्या श्रेणीकडे पैसे ठेवले. नाशिकच्या दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख तर हिशोबाच्या वहीसारखा आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंचे कपडे आणि खर्च चालवायचा. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला एक गोष्ट कळत होती. नुसतं लेणं देऊन भागत नाही, त्यात राहणाऱ्याच्या उद्याची सोयही द्यावी लागते. मी लेणं दिलं आणि व्याज आईच्या कंबरेतून वसूल केलं.

नानांना हे सगळं फाजील वाटतं. "वस्तू माणसासाठी का माणूस वस्तूसाठी? मोडला तर मोडला." ऐकायला हे मोकळं वाटतं, पण मला पटत नाही. मोडलेला फ्रिज भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो, पुढे कोणीतरी तो हाताने फोडतो, त्यातला गॅस हवेत सोडतो. म्हणजे कंबर कोणाची तरी जातेच, फक्त ती आपल्या घरातली नसते. टिकवण्याचं कर्तव्य तिथून येतं, वस्तूच्या प्रेमातून नाही. (न सांभाळता टिकणाऱ्या वस्तूही असतात म्हणा. आमच्या गावच्या कुकडीकाठी अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. पण त्यांना कंडेन्सर नव्हता.)

बनवणाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि बरोबरही आहे. ते झाकण सहा स्क्रूंमागे का? अनेक फ्रिजांच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आणि बाकीच्या भागांवर एकच वर्ष, असं का? केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं ते याच तक्रारींतून. पण बोट दाखवताना माझा हात जरा थरथरतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या वर्षी आमच्या टीमने जुन्या फोनांवर अ‍ॅप चालवणं बंद केलं. मीटिंग अर्ध्या तासाची होती. वापरणारे थोडेच उरलेत, असं आकडा दाखवून मीच म्हणालो. त्या थोड्यांत पडवीत बसून मुलाने पाठवलेली यादी वाचणारं कोणी असेल, हे त्या आलेखात दिसत नव्हतं.

पडवीत आमचा जुना फ्रिज अजून उभा आहे. एका दाराचा, 165 लिटरचा, एकोणीस वर्षं चालला. आता त्यात नाना बियाणं ठेवतात. त्याची काळी जाळी मागे उघडीच आहे. आई दर दिवाळीला तो एकटीने फिरवून झाडूने पुसायची. तिला कोणी यादी दिली नव्हती, जाळी घाण झालेली दिसायची म्हणून पुसायची.

मागच्या वेळी तिला विचारलं, नवा घेताना तुला कसा हवा होता? ती भाजी निवडत होती. "मला हलवता येईल असा," म्हणाली, आणि मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

आता दर तीन महिन्यांनी मी ब्रश घेऊन जातो. पुढची फेरी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आहे. या वेळी झाकणाचे सहापैकी चार स्क्रू काढून ठेवणार आहे.