साक्षी आणि भर्ता

वाचक माउली, गेले दीड वर्ष माझ्या छातीत डाव्या बाजूस, कातडीखाली, एक लहानसे यंत्र आहे. लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. मला दोनदा घेरी येऊन शुद्ध हरपली होती, एकदा पडवीत आणि एकदा देवळाच्या पायरीवर. चोवीस तासांच्या आलेखात काहीच सापडले नाही, कारण घेरी काही सांगून येत नाही. आमच्या बांद्याकडची माणसे मोठ्या दुखण्याला पत्रादेवीचा नाका ओलांडून बांबोळीस जातात, तसा मीही गेलो आणि हे यंत्र घेऊन परतलो. तीनएक वर्षे ते चालते म्हणतात.

हे यंत्र हृदयाचे ठोके पाहते. दिवसाचे लाखभर ठोके. त्यातले सुरळीत ते पुसत जाते. ठोका थबकला, फार मंदावला किंवा बेताल धावला, तर तेवढी नोंद जपून ठेवते. उशाशी एक डबी असते, तिच्यामार्फत ती नोंद डॉक्टरांकडे पोचते. पण थबकलेल्या ठोक्याला ते हात देत नाही. ते काम पेसमेकरचे. हे फक्त पाहते.

कोणी म्हणतात, "बुवा, पांडुरंगावर भरवसा असता तर यंत्र कशाला?" वीणेची तार उतरली की आपण ती जुळवून घेतो, त्याने भजनावरची श्रद्धा उणावत नाही. देह ही तर भजनाचीच वीणा आहे. तो प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. मला पडलेला प्रश्न निराळा आहे.

यंत्राचे काम ऐकले तेव्हा मला मौज वाटली होती. म्हटले, हा तर साक्षी! मुण्डकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. पन्नास वर्षे कीर्तनात मी त्या दुसऱ्या पक्ष्याचे निरूपण केले. सुखदुःख येवो, तुम्ही पाहणारे व्हा, असे सांगत आलो.

मग एका रात्री छाती धडधडू लागली. दरदरून घाम फुटला. यंत्र पाहत होते, हे मला ठाऊक होते. पण त्या पाहण्याचा काडीचाही आधार वाटला नाही. मंडळी जागी झाली, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उजाडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. आधार वाटला तो त्या हाताचा. तिला ना उपनिषद ठाऊक, ना आलेख.

त्या पहाटे मला आमचा एक टाळकरी आठवला. कीर्तनात चरण विसरलो की तो मागून उचलून धरी. श्रोत्यांना माझी चूक कधी कळली नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याचा तरुण मुलगा गेला. मी भेटायला गेलो, साक्षीभावाने पाहा म्हणून अर्धा तास बोललो आणि पुढच्या कीर्तनाची वेळ झाली म्हणून उठलो. तो मान हलवत राहिला. माउली, त्या दिवशी मी त्याच्यापाशी यंत्रासारखा बसलो होतो. त्याचा ठोका चुकलेला मी पाहिला, आणि हात दिला नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातल्या पुरुषाला उपद्रष्टा म्हटले आहे, म्हणजे जवळून पाहणारा. पण भगवंत तिथे थांबत नाहीत. पुढे अनुमन्ता येते, आणि मग भर्ता, म्हणजे सांभाळणारा, पोसणारा. मी आयुष्यभर पहिल्या शब्दावर थांबलो. आपला विठोबा कटीवर कर ठेवून पाहत उभा आहे खरा. पण जनाबाईच्या जात्याला हात लावायला तोच खाली बसला.

याच बांद्याचे कुलकर्णी सोहिरोबानाथ आंबिये. कुलकर्ण्याचे काम गावाचे दप्तर लिहिण्याचे, माझ्या यंत्रासारखेच नोंदीचे. सावंतवाडीच्या वाटेवर, इन्सुलीच्या रानात भुकेले असताना त्यांनी फणस फोडला. मागून कोणी मागितले, तर आपल्या भुकेआधी त्यांनी गरे त्याच्या हातावर ठेवले. ते गहिनीनाथ होते आणि तिथेच अनुग्रह झाला, असे आपली परंपरा सांगते. आधी देणे घडले, ज्ञान मागून आले.

साक्षीभाव खोटा नाही. तो स्वतःच्या दुःखासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखापाशी तो वापरला की त्याचा निष्ठुरपणा होतो. आपल्या व्यथेचे साक्षी व्हावे, शेजाऱ्याच्या व्यथेचे भर्ते व्हावे. मी याच्या उलट वागलो. माझी धडधड मी जगाला सांगितली आणि त्याच्या शोकावर निरूपण केले.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. या खेपेस निरूपण केले नाही. चहा झाला, पाऊस पडत होता, दोघे बराच वेळ गप्प बसलो. निघताना मी त्याचा हात धरला, तेव्हा त्याने लेकाचे नाव घेतले. अकरा वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा. मी पुन्हा खाली बसलो, आणि तो बोलत राहिला.

माउली, तुमच्या दिंडीत कोणाचा चरण चुकला असेल, तर नुसते पाहू नका, मागून उचलून धरा. चुकलेल्या ठोक्यांची नोंद ठेवायला यंत्रे पुरेशी आहेत.

रामकृष्णहरी.