तिमिर गेल्यावरची दृष्टी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लाभलेली दृष्टी किती काळ टिकते, या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर बरेचसे निश्चित आहे. गढूळलेल्या नैसर्गिक भिंगाच्या जागी बसवलेले कृत्रिम भिंग बहुधा आयुष्यभर पुरते आणि काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. त्या भिंगामागचे पातळ आवरण काहींच्या बाबतीत पुढे धुरकटते, पण ते लेसरने मोकळे करता येते. मात्र काचबिंदूने, मधुमेहाने किंवा वयोमानाने दृष्टिपटल वा दृष्टीची नस क्षीण झाली, तर भिंग निर्दोष असूनही दिसणे मंदावते. दृष्टी अशी अनेकांच्या आधाराने उभी असल्यामुळे तिला मुदत आहे. तत्त्वचिंतकाचा प्रश्न येथून सुरू होतो: मुदत नसलेली दृष्टी असते का?

ऐतरेयोपनिषदावरील भाष्यात शंकराचार्य दोन दृष्टी मानतात, डोळ्याची अनित्य आणि आत्म्याची नित्य. आणि पहिलीचे अनित्यत्व दाखवताना ते नेमका तिमिराचा दाखला घेतात, कारण हा रोग आला की दृष्टी नष्ट होते व तो गेला की ती पुन्हा उपजते. तिमिर म्हणजे आयुर्वेदातील, दृष्टी क्रमाक्रमाने झाकोळणारा विकार. त्याची अखेर लिंगनाशात, म्हणजे दृष्टी पूर्ण जाण्यात होते, आणि त्यातील कफज प्रकारावर सुश्रुतसंहितेत शलाकेने करावयाची शस्त्रक्रिया सांगितलेली असल्याने हा दाखला निव्वळ कल्पनेतला नव्हता. ‘दृग्दृश्यविवेक’ हा छोटा वेदान्तग्रंथ याच दिशेने पुढे जातो: डोळ्याचे आंधळेपण, मंदपणा आणि तीक्ष्णता मनाला कळतात, मनाचे बदल साक्षीला, म्हणजे स्वतः न बदलता केवळ जाणणाऱ्या चैतन्याला कळतात.

या युक्तिवादाचा पहिला टप्पा पक्का आहे, कारण ‘पूर्वी धूसर दिसे, आता स्वच्छ दिसते’ असे म्हणणाऱ्याला दोन्ही अवस्था जोडणारा एक जाणता गृहीत धरावाच लागतो. पण दोन अवस्थांत टिकलेला जाणता सर्वकाळ टिकेल, हे त्यातून निघत नाही. डोळे गमावलेला मनुष्यही स्वप्नात भावाला पाहतो, हा आचार्यांचा दुसरा दाखला तर आणखी कच्चा ठरतो: ते स्वप्न पूर्वी पाहिलेल्याच्या स्मृतीवर उभे असते, आणि जन्मांधाच्या स्वप्नात सहसा रूप नसते. शंकराचार्यांसारख्या अद्वैत्याला येथे स्वप्नापेक्षा सबळ आधार जन्मांधातच सापडला असता, कारण आपल्याला दिसत नाही, हे त्यालाही कळतच असते.