मशीन यंदा नको

चि. भाचीबाईंस,


कागद कापायचं मशीन घेऊ नकोस. निदान यंदा तरी नको. तुझ्या पत्रातला पहिला प्रश्न तोच होता, म्हणून उत्तरही आधीच देऊन टाकतो. पैशांचं कारण आहेच, पण ते तुझी आई सांगेल, आणि माझ्यापेक्षा चढ्या आवाजात सांगेल. माझं कारण वेगळं आहे.

केडगावच्या देवीच्या जत्रेचं तू केलेलं चित्र मी मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. रेणुकामातेचं देऊळ, नवरात्रातली रांग, प्रसादाची दुकानं, मागे आकाशपाळणा, सगळं कागद कापून थरावर थर चढवलेलं. कापकाम सफाईदार आहे. पाळण्याच्या आऱ्या एवढ्या बारीक कापून एकही तुटू दिली नाहीस, याबद्दल शाबासकी. पण थर काही दिसत नाहीत. ट्यूबलाइटखाली धरून वर मोबाइलचा फ्लॅश मारलास ना? समोरून उजेड आला की सावली वस्तूच्या पाठीमागे जाऊन बसते. पाच थरांचं चित्र फोटोत स्टिकरसारखं सपाट झालंय.

कागदाच्या चित्रात रंग बहुतेक वेळा कागदाच्या गिरणीतूनच येतो. आपल्या हातात दोन गोष्टी राहतात, कापलेली कड आणि तिची सावली. कड तुला जमली आहे. सावलीकडे तू अजून पाहिलेलंच नाहीस, आणि मशीन तुला त्यात काडीची मदत करणार नाही. ते फक्त कड कापून देईल, म्हणजे जे तुला येतं तेच.

तेव्हा आधी एवढं कर. जत्रेचं चित्र पुन्हा कर, पण सगळ्या थरांमध्ये सारखंच अंतर ठेवू नकोस. तू सगळीकडे एकाच जाडीची फोमची टेप लावली आहेस, म्हणून सगळ्या सावल्या एकाच रुंदीच्या पडतात आणि नजर कुठे थांबत नाही. देऊळ आणि पाळणा मागच्या कागदाला जवळजवळ टेकलेले असू देत. रांगेतली माणसं थोडी वर उचल. अगदी पुढची टोपलीवाली बाई पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे एकावर एक लावून चांगली पुढे आण. मग खोलीतले दिवे घालव, एकच खिडकी उघडी ठेव आणि चित्र तिच्या बाजूला आडवं मांड. नगरचं दुपारचं ऊन फार कडक, त्यात सावली काळीकुट्ट पडते. खिडकीला बटर पेपर लाव म्हणजे ती मऊ होईल. खिडकीच्या समोरच्या बाजूने एक पांढरा कार्डशीट उभा केलास की सावलीतले रंगही उघडतील. मग सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा फोटो काढून बघ.

तुला वाटेल, एवढा खटाटोप कशाला, संगणकावर सावली टाकता येतेच की. येते. एस्टोनियाचा चित्रकार एइको ओयाला बहुतांशी संगणकावरच चित्रं करतो आणि ती कापलेल्या कागदाची आहेत असं भल्याभल्यांना वाटतं. त्याची चित्रं जरूर पाहा, सावली कशी नेमायची ते त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. पण तो ज्या सावल्या पडद्यावर हाताने रंगवतो, त्या त्याने आधी खऱ्या कागदावर नीट निरखलेल्या असणार, असं मला त्या पाहून वाटतं. आणि खरा कागद कापणाऱ्याच्या पदरात शेवटी एक वस्तू उरते, भिंतीवर लावता येते, विकता येते.

छपाईतही अशा चित्रातलं पुष्कळ जातं, हे माझं आयुष्य बाइंडिंगच्या टेबलावर गेलं म्हणून सांगतो. मातीस हा फ्रेंच चित्रकार मोठ्या आजारपणानंतर, उतारवयात, रंग दिलेले कागद कात्रीने कापून चित्रं करू लागला. त्यावरून १९४७ साली 'जॅझ' हे त्याचं पुस्तक छापलं. आज लोक ते डोक्यावर घेतात. तो स्वतः मात्र छापील पानं पाहून खट्टू झाला होता. चिकटवलेल्या कागदाचा जिवंतपणा त्यात उतरला नाही, ही त्याची तक्रार. आपल्याकडे शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली 'द इनर आय' हा लघुपट केलाय, तो शोधून बघ. दिसत नसताना बोटांना कड कळत होती. तुला तर धडधडीत दिसतंय, तरी कधी डोळे मिटून तुझ्या चित्रावरून बोट फिरव. कुठला थर कुठे सुटलाय ते बोटालाच आधी कळेल.

आता कागदाविषयी. तुझ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात आकाशाचं निळं कार्ड पोक काढून वर आलंय. फेविकॉल जास्त झालाय हे एक, आणि ग्रेन उलटसुलट लागलाय हे दुसरं. गिरणीच्या कागदाला ग्रेन, म्हणजे तंतूंची एक दिशा, असतो. वर्तमानपत्र उभं फाडून बघ आणि आडवं फाडून बघ. एकीकडून सरळ फाटतं, दुसरीकडून वेडंवाकडं. कार्ड ग्रेनच्या दिशेने दुमडलं तर घडी गुळगुळीत बसते, विरुद्ध दुमडलं तर तडकते. ओल मिळाली की कागद ग्रेनला आडवा फुगतो, म्हणून दोन कागद एकमेकांवर चिकटवताना दोघांचा ग्रेन एका दिशेला ठेव, नाहीतर ते एकमेकांना ओढत बसतात. प्रत्येक तावाच्या मागे पेन्सिलीने बाण काढून ठेवायची सवय लाव. मोठ्या थरांना आम्ही बाइंडर लोक वापरतो ती मैद्याची खळ वापर, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात (विषारी असतं, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नकोस, आईचा ओरडा मला बसेल). पातळ हात मार आणि रात्रभर वजनाखाली ठेव.

पुण्याला येशील तेव्हा तुला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत नेईन. १९४० साली के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेने ती उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद, हाताने साच्यावर उचललेला असल्यामुळे त्याला ग्रेन जवळजवळ नसतोच, आणि लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदासारखा तो चटकन पिवळाही पडत नाही. असा कागद मशीनच्या पात्यावर धड चालत नाही, तंतू ओढले जातात. लेझरने कापला तर कड जळून तपकिरी होते. नव्या ब्लेडने मात्र छान कापला जातो.

तू लिहिलंस की 'इथे केडगावात कागदाची कला कुठे आहे, सगळं इंटरनेटवरच बघावं लागतं.' अगं, तू नगरात राहतेस! मोहरमला नगरात ताबूत निघतात, ते बघायला लांबून लोक येतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड आणि कापलेली जाळी; मिरवणुकीआधी जाऊन कारागीर जाळी कशी कापतात ते बघ. घड्या घालून एकदाच कापतात की प्रत्येक भोक वेगळं, विचार त्यांना. लग्नातलं बाशिंग हातात घेऊन उलटं करून बघ. संक्रांतीला मनमाडच्या रस्त्याने येवल्याला जा. तिथे तीन दिवस पतंगच चालतो. पतंगी कागद कमानीवर ताणून कसा बसवतात ते पाहिलंस की तुझ्या निळ्या आकाशाचा पोक कसा काढायचा ते समजेल. दिवाळीचा कंदील तर घरातच आहे. त्यात उजेड मागून येतो, म्हणून सावलीऐवजी कागदाचा रंग पेटतो आणि दोन कागद जिथे एकमेकांवर येतात तिथे तिसरा रंग होतो. तुझ्या जत्रेतल्या रात्रीच्या दुकानांना ही युक्ती फुकटात मिळण्यासारखी आहे.

क्विलिंगची, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली कानातली विकतेस, विक. त्यात काही कमीपणा नाही. पण युलिया ब्रॉडस्काया ही चित्रकार तशाच पट्ट्या उभ्या चिकटवून माणसांचे चेहरे करते, तेही एकदा पाहून ठेव. आणि घड्यांची गोडी लागली तर आपल्या अनिल अवचटांचं 'छंदांविषयी' वाच. जुन्नरी कागदाच्या मुलखातला, ओतूरचा माणूस, ओरिगामीवर फार जीव होता त्यांचा.

कामाच्या पैशांचं थोडक्यात. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत कागद-पुठ्ठ्याच्या सजावटीला मागणी आहे. मुंबईचे नानासाहेब शेंडकर पुठ्ठ्याची घडीची मखरं त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. त्यांची एखादी घडी उलगडून पाहा. ते काम मापाचं आहे, एका मापाची शंभर कापायची. उद्या तसं काम मिळालं तर मशीन घे, मी स्वतः पैसे घालीन. एखाद्या मासिकासाठी चित्र करायचं झालं तर ते मात्र हातानेच कर, आणि छापायला फोटो द्यायचा की मूळ चित्र विकायचं हे आधी लेखी ठरव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी मेख आहे की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि उलट करार नसला, तर हक्क मागवणाऱ्याकडे जातो. एका प्रकाशकाने माझ्या एका चित्रकार मित्राचं मुखपृष्ठ पुढे कॅलेंडरवरही छापलं, आणि तो काही करू शकला नाही.

जत्रेचं नवीन चित्र झालं की कुरिअरने पाठवू नकोस, थर दबतील. दिवाळीला येताना खोक्यात आडवं ठेवून एसटीत मांडीवर घेऊन ये, आणि मागचा पुठ्ठा चिकटवून टाकू नकोस. मला ते पाठीमागून बघायचंय.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा