एका पतंगाचा पल्ला

अंगावरच्या सुती कापडावर हात ठेवा. श्वास आपल्या चालीने चालू द्या. ज्या वावरात हा कापूस पिकला, ते मनासमोर येऊ द्या. विदर्भातली ऑक्टोबरची रात्र आहे.

दिवसभर मातीच्या भेगांत, पाचोळ्याखाली दडलेला एक पतंग आता बाहेर येतो. मातकट करडा. पंख पसरले तरी जेमतेम दोन सेंटिमीटरचा. मादी बसल्या जागी गंध सोडते. नर तो गंध धरत अंधारातून तिच्यापर्यंत येतो. थोडा वेळ त्याच्यासोबत राहा.

आता एक हिरवं बोंड पाहा. अंड्यातून निघालेली अळी त्यात शिरली, छिद्र बुजलं. बाहेरून काहीच कळत नाही. आत ती सरकी खाते, वाढते, गुलाबी होते. हीच ती गुलाबी बोंडअळी. २०१७ साली विदर्भात तिचा प्रकोप झाला, तेव्हा अशी बोंडं शेतकऱ्यांनी हातांनी फोडून पाहिली. त्या हातांजवळ थांबा. मन दुखलं तर दुखू द्या.

मग विचारा : एवढासा जीव किती दूर जाईल? भरूचच्या कपाशीवर सापडलेल्या या पतंगाचं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं. १९०६-०७च्या सुमारास तो इजिप्तमध्ये होता, १९११मध्ये मेक्सिकोत, १९१७मध्ये टेक्सासात. वाटेतले समुद्र त्याच्या पंखांनी ओलांडलेले नाहीत. अळी सरकीत निजली होती आणि सरकी माणसाने जहाजात भरली होती. त्याचा पल्ला आपणच वाढवला. हे शांतपणे मान्य करा.

मान्य केलं की पुढचं दिसतं : आपण वाढवलेलं आपल्याला आवरताही येतं. अळीला पुढच्या पिढीसाठी बोंड हवं. फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात ठेवली, की ते मिळत राहतं. कपाशीच्या पऱ्हाट्या वेळेवर काढल्या, शेत काही महिने कपाशीविना ठेवलं, की साखळी तुटते. अमेरिकेने हंगामानंतर शेतं मोकळी केली, अळीला रोखणारी, जनुकबदल केलेली बीटी कपाशी लावली, मादीच्या गंधाने नरांना चकवलं, वंध्य पतंग सोडले आणि २०१८मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

पण पतंगाला बांध कळत नाही. एका वावराने घेतलेली विश्रांती शेजारच्या फरदडीमुळे वाया जाते. म्हणून हा विचार एकट्यापाशी ठेवू नका. कपाशी तुमची असेल, तर हंगाम संपण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. थांबायचं ते सगळ्या शिवाराने मिळून थांबायचं.